हवा कुणाच्या बापाची?



गेल्या बैठकीत मी म्हटलं, या अंकाचं संपादकीय अमेरिकेतल्या रेडिओवर लिहितो. सगळे हसले. एकानं तर विडी विझवून मला विचारलं, "तुला गोदीतलं ओझं कमी पडलं काय? गटारात उतरून मरणाऱ्यांवर लिही, पोरांची शिष्यवृत्ती थकलीय त्यावर लिही. त्या गोऱ्यांच्या रेडिओचं मढं तू कशापायी खांद्यावर घेतोस?" प्रश्न रास्त होता. मला तिथल्या तिथं उत्तर देता आलं नाही. मी मॅट्रिक झालेला माणूस. मला बैठकीत सुचत नाही, पाळीवर सुचतं. तीन रात्रपाळ्यांत साखळ्या ओढता ओढता जे उत्तर जुळत गेलं ते इथं मांडतोय. पटलं नाही तर पुढच्या बैठकीत शिव्या घाला, पण आधी वाचा.

काय झालं ते पहिलं सांगतो. ७ नोव्हेंबर १९६७ ला अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सार्वजनिक प्रसारणाच्या कायद्यावर सही केली. त्यातून कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग नावाची संस्था निघाली. तिनं स्वतः रेडिओ चालवायचा नव्हता. सरकारी तिजोरीतला पैसा घ्यायचा आणि गावोगावच्या केंद्रांना वाटायचा, एवढंच काम. साबणाच्या, मोटारीच्या जाहिरातींवर जगावं लागू नये अशी ही केंद्रं, रेडिओ आणि टीव्ही मिळून दीड हजारांच्या घरात. पैशातला सुमारे ७० टक्के वाटा थेट या गावच्या केंद्रांकडं जायचा. खर्च किती? दर अमेरिकन माणसामागं वर्षाला साधारण १ डॉलर ६० सेंट. त्या देशात एवढ्यात धड कॉफीसुद्धा येत नाही.

२०२५ च्या १ मे रोजी, म्हणजे आपल्या कामगार दिनी, डोनाल्ड ट्रम्प यांनी हुकूम काढला की या लोकांची राष्ट्रीय पातळीवरची दोन मोठी जाळी, एनपीआर आणि पीबीएस, पक्षपाती आहेत, त्यांना सरकारी पैसा बंद. मग नुसत्या हुकमावर भागेना म्हणून कायदा आणला. १७ जुलैला सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ४८. १८ जुलैला खालच्या सभागृहात २१६ विरुद्ध २१३. २४ जुलैला सही. दोन वर्षांसाठी आधीच मंजूर झालेला १ अब्ज १० कोटी डॉलरचा पैसा परत ओढून घेतला. ताटात वाढलेलं ताटातून काढलं. १ ऑगस्टला त्या संस्थेनं जाहीर केलं की आम्ही दुकान आवरतोय, ३० सप्टेंबरला बहुतेक नोकरदारांना घरी पाठवलं, आणि २०२६ च्या जानेवारीत तिच्या मंडळानं संस्थाच विसर्जित करायचा ठराव केला. ५८ वर्षांचा कारभार सहा महिन्यांत खलास.

आता तुम्ही म्हणाल, यात रडण्यासारखं काय? त्या देशाचे पंडित रेडिओवर बसून मुलायम आवाजात पुस्तकांवर चर्चा करायचे, ती बंद पडली तर आपलं काय गेलं? मलाही असंच वाटलं होतं. मग मी बेथेलबद्दल वाचलं.

बेथेल हे अलास्कातलं गाव. कुस्कोक्विम नदीच्या काठी. तिथं पोचायला रस्ता नाही. विमानानं जा, नाहीतर नदीनं. आजूबाजूला टुंड्राच्या ओल्या, गोठलेल्या जमिनीवर डझनावारी छोटी गावं, तिथं युपिक लोक राहतात. त्या मातीचे मूळ मालक. मासे मारणारे, सील मारणारे लोक. या गावात १९७१ पासून केवायुके नावाचा रेडिओ आहे. इंग्रजीत बोलतो तसा युपिक भाषेतही बोलतो. बर्फ किती जाड आहे, नदीवरनं गाडी जाईल का, कुणाचं लेकरू दवाखान्यात आहे, मासेमारी कुठल्या दिवशी उघडणार, हे सगळं त्या भाषेत सांगतो जी भाषा एकेकाळी सरकारी शाळेत पोरांच्या तोंडातून मारून काढली होती. म्हातारी माणसं, ज्यांना इंग्रजीचा गंध नाही, त्यांचा जगाशी धागा म्हणजे हा डबा. आणि या रेडिओच्या खर्चाचा सुमारे ७० टक्के पैसा त्या बंद पडलेल्या संस्थेकडून यायचा.

ऑक्टोबर २०२५. सरकारी पैसा तुटून दोन आठवडे झालेत. ११ आणि १२ तारखेला हालाँग नावाच्या वादळाचे अवशेष त्या किनाऱ्यावर आदळले. किपनुक आणि क्विगिलिंगोक या दोन गावांत समुद्र घुसला. घरं पायावरून सुटली आणि आत माणसं असताना तरंगत निघाली. रात्री, अंधारात, थंडीत. शेकडो माणसं विमानांनी उचलून पार अँकरेजला न्यावी लागली. त्या दिवसांत कुठलं गाव कसं आहे, कोण सापडलं, कोण नाही, निवारा कुठं उघडलाय, हे युपिक आणि इंग्रजीत सांगत कोण बसलं होतं? तोच रेडिओ, ज्याच्या तिजोरीला भोक पाडलं होतं. आणखी एक सांगतो म्हणजे सगळं चित्र दिसेल. त्याच किपनुकला नदीचा काठ ढासळू नये म्हणून मिळालेलं २ कोटी डॉलरचं अनुदान त्याच वर्षीच्या मे महिन्यात सरकारनं रद्द केलं होतं. भिंत बांधायचा पैसा काढला, आणि पाणी आलं हे सांगणाऱ्याचाही पैसा काढला.

हे आधी कुणाला कळलं नव्हतं असं नाही. १६ जुलैला, सिनेटात या कपातीवर वाद चालू असतानाच, अलास्काच्या सँड पॉइंट गावाजवळ ७.३ रिश्टरचा भूकंप झाला. सुनामीचा इशारा निघाला. तिथल्या लहानशा सार्वजनिक रेडिओनं लोकांना उंचावर जायला सांगितलं. अलास्काच्या सिनेटर लिसा मर्कोव्स्की ट्रम्प यांच्याच पक्षाच्या; त्यांनी हा दाखला दिला आणि विरोधात मत टाकलं. पण ५१ हात वर झाले ते झालेच.

इथं मला माझी आय आठवते.

२६ जुलै २००५. मी सात वर्षांचा. आमच्या खोलीत पाणी आधी उंबऱ्यापाशी, मग खाटेच्या पायाशी, मग खाटेवर. बा गोदीत. लाईट गेलेली. शेजारच्या पोराकडं मोबाईल होता, तो मुका. आयनं मला आणि धाकटीला माळ्यावर चढवलं आणि आज्याचा जुना ट्रान्झिस्टर हातात दिला. म्हणाली, हे भिजू देऊ नको. भाकरीचा डबा तिनं नंतर वर दिला, आधी रेडिओ. रात्रभर तो खरखरत होता. लोकल बंद, रस्ते बंद, लोकांनी आहे तिथंच थांबावं. 'आहे तिथंच थांबावं' हे ऐकून आय शांत झाली, कारण मग बा गोदीतच थांबला असेल असं तिनं धरलं. आमच्या वस्तीचं नाव त्या रेडिओवर रात्रभरात एकदाही आलं नाही. तेही मी विसरलेलो नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बा गुडघाभर चिखलातून चालत आला.

त्या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. रेडिओ आमच्या खोलीत होता, आणि आमची खोली रेडिओत नव्हती. या संपादकीयात मला जे म्हणायचंय ते याच दोन वाक्यांच्या मधे कुठंतरी आहे.

आज्याचा तो रेडिओ म्हणजे घराण्याची इस्टेट. आजा खटाव तालुक्यातून आला, गोदीत लागला, डॉक लेबर बोर्डाचा बिल्ला मिळाला. पहिल्या बोनसमधनं रेडिओ. त्या काळात रेडिओला लायसन लागायचं. पोस्टात जाऊन पैसे भरायचे, बुकावर शिक्का मारून आणायचा. ते बुक अजून ट्रंकेत आहे, जातीच्या दाखल्याशेजारी. आजा म्हणायचा, "मी पैसं भरल्यात, म्हंजी त्यो बोलतोय त्यात माजा वाटा हाय." अडाणी माणूस, अंगठाबहाद्दर. पण सार्वजनिक प्रसारण म्हणजे काय, हे त्याच्याइतकं सोपं करून मला कुठल्या प्राध्यापकानं सांगितलेलं नाही. कामगारांसाठीचा कार्यक्रम लागला की तो चाळीच्या गॅलरीत रेडिओ ठेवायचा, सगळ्यांनी ऐकावा म्हणून.

आता अमेरिकेकडं परत.

कपात झाल्यावर तिथल्या लोकांनी काय केलं? हात आखडले नाहीत, हे मान्य केलं पाहिजे. कपातीची चाहूल लागली तेव्हापासूनच लाखभराहून जास्त नव्या लोकांनी आपापल्या केंद्राला वर्गणी सुरू केली. मोठ्या धर्मादाय संस्थांनी एकत्र येऊन, बुडायला लागलेल्या लहान केंद्रांसाठी तात्पुरता निधी उभा केला. वर्गणीची रीत तिथं जुनी आहे. १९४९ साली कॅलिफोर्नियात बर्कलीला लुईस हिल नावाच्या युद्धविरोधी माणसानं केपीएफए हे केंद्र काढलं तेच श्रोत्यांच्या वर्गणीवर. पैसे द्या, आम्ही कुणाची जाहिरात करणार नाही आणि कुणाला घाबरणार नाही. पुढं याच कुटुंबातलं केंद्र टेक्सासात ह्यूस्टनला निघालं, केपीएफटी. १९७० साली कू क्लक्स क्लानवाल्यांनी त्याचा ट्रान्समीटर बॉम्बनं उडवला. लोकांनी परत उभा केला. क्लाननं परत उडवला. लोकांनी परत उभा केला. रेडिओला घाबरून दोनदा बॉम्ब टाकतात, यावरून त्या डब्याची ताकद ओळखा.

पण वर्गणीच्या या गोष्टीत एक गोम आहे, आणि आपल्या चळवळीनं ती नीट बघितली पाहिजे. बॉस्टन, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को इथल्या केंद्रांचे श्रोते कोण? डॉक्टर, वकील, प्रोफेसर. सरकारचा पैसा त्यांच्या केंद्राच्या खर्चात शेकडा पाच-दहा. तेवढा खड्डा ते चेक फाडून भरतील, वर बदल्यात कापडी पिशवी आणि चहाचा कप मिळतोच. बेथेलची वस्ती सहा हजारांच्या आसपास. तिथं ७० टक्क्यांचा खड्डा कुणी भरायचा? सील मारणाऱ्यानं? म्हणजे 'समाजानं आपला रेडिओ आपण चालवावा' असं जेव्हा सरकार म्हणतं, तेव्हा त्याचा अर्थ होतो की ज्या समाजाच्या खिशात पैसा त्यालाच आवाज. आदिवासी केंद्रांचं प्रकरण तर बघा. साउथ डकोटाचे सिनेटर माइक राउंड्स यांनी आपलं मत देण्याआधी सरकारकडनं शब्द घेतला की आदिवासी केंद्रांसाठी ९० लाखांवर डॉलर दुसऱ्या खात्यातून वळवू. कायद्यानं मिळणारा हक्क काढून घ्यायचा आणि त्याच्या जागी साहेबाचा शब्द ठेवायचा. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. गावकीत बलुतं कसं मिळायचं ते आपल्या आज्या-पणज्यांना विचारा.

म्हणून मी म्हणतो, लोकवर्गणी काढलीच पाहिजे, आणि काढताना हेही ओरडून सांगितलं पाहिजे की आम्ही ही तुमच्या बदल्यात काढत नाही. वर्गणी ही लढ्याची शिदोरी आहे. सरकारच्या जबाबदारीला ती सोडचिठ्ठी नाही.

आता दुसरी बाजू. माझा मित्र म्हणाला तसं, गोऱ्यांचाच रेडिओ होता ना? होता. १९७० च्या मे महिन्यात मिसिसिपी राज्याच्या सरकारी शैक्षणिक टीव्हीच्या मंडळानं 'सेसमी स्ट्रीट' हा लहान पोरांचा कार्यक्रम दाखवायला नकार दिला. कारण काय, तर त्यात काळी आणि गोरी पोरं एकत्र खेळताना दिसतात. बातमी फुटली, छीथू झाली, बावीस दिवसांनी निर्णय फिरवला. शेजारच्या अलाबामाच्या शैक्षणिक टीव्हीचं तर लायसनच नूतनीकरण करायला १९७५ साली तिथल्या केंद्रीय आयोगानं नकार दिला, कारण काळ्या लोकांबद्दलचे कार्यक्रम ते पद्धतशीर गाळत होते. बॉस्टनला 'से ब्रदर' नावाचा काळ्यांचा कार्यक्रम १९७० साली बंद केला, तर काळ्या वस्तीतले लोक रस्त्यावर आले आणि तो परत चालू करून घेतला. म्हणजे सार्वजनिक म्हणवणाऱ्या घरात काळ्यांना कुणी पाट मांडून बसवलं नव्हतं. ते आत घुसले. मग त्याच पीबीएसवर १९८७ साली हेन्री हॅम्प्टन या काळ्या माणसाच्या कंपनीनं केलेली 'आइज ऑन द प्राइझ' ही नागरी हक्कांच्या लढ्यावरची मालिका लागली आणि अख्ख्या देशानं आपल्या अंगावरचे कोरडे टीव्हीवर पाहिले.

एक खटला मला फार आवडतो. मिसिसिपीत जॅक्सन शहरात डब्ल्यूएलबीटी नावाचं खाजगी टीव्ही केंद्र होतं. तिथल्या परिसरात काळी माणसं जवळपास निम्मी. पण काळ्यांच्या लढ्याचं काही पडद्यावर यायला लागलं की नेमका 'तांत्रिक बिघाड' व्हायचा. लोकांनी तक्रार केली. आयोग म्हणाला, तुम्ही कोण? तुमचा धंदा आहे का, तुमचं केंद्र आहे का? नुसता बघणारा माणूस तक्रार करू शकत नाही. १९६६ साली कोर्टानं निकाल दिला: बघणाऱ्याला, ऐकणाऱ्यालाही उभं राहायचा हक्क आहे. १९६९ मध्ये त्या केंद्राचं लायसन गेलं. आमच्या आज्याचं म्हणणं आणि त्या कोर्टाचं म्हणणं एकच निघालं.

१९६६ हेच साल ओकलंडमध्ये ब्लॅक पँथरचं. १९७२ साल मुंबईत आपलं. नाव आपण तिकडनं उचललं तेव्हा कुणी विचारलं नाही की अमेरिकेशी आपला काय संबंध. मग त्यांच्याकडे मूळ रहिवाशांच्या तोंडावर हात ठेवला जातो तेव्हा मात्र संबंध नाही, असं कसं?

आणि संबंध याहून जुना आहे. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला तो शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांच्या बळावर. टिळकांच्या 'केसरी'नं त्याची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही. पुढं ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' निघाला. महाडचं पाणी नुकतंच पेटलेलं. बॅरिस्टर झालेला माणूस एकटा बसून रकानेच्या रकाने लिहायचा, कारण लिहायला माणूस ठेवायला पैसा नव्हता. आणि अग्रलेखातून वाचकांसमोर तंगीचा हिशेब मांडायचा. गिरणीतला, गोदीतला, रेल्वेतला वाचक, तो आणा दोन आणे कुठनं काढणार? १५ नोव्हेंबर १९२९ ला पत्र थांबलं. वर्षभरानं, २४ नोव्हेंबर १९३० ला, 'जनता' निघालं. थांबलं, निघालं. आपल्या आवाजाचा इतिहास हा असा आहे. आणि ज्या माणसाला जाहिरातीची एक चौकट कुणी दिली नाही, तो ३ ऑक्टोबर १९५४ ला आकाशवाणीवर बसून सगळ्या देशाला सांगत होता की स्वातंत्र्य, समता, बंधुता मी फ्रेंच क्रांतीकडून उसनी घेतलेली नाही, माझ्या गुरूकडून, बुद्धाकडून घेतलीय. ती खुर्ची कुणी मेहेरबानी म्हणून दिली नव्हती.

आपल्याकडं काय चाललंय? कपातीचा कायदा आपल्याकडं कुणी करत नाही, आपल्याकडं फाईल फिरते. २०१८ च्या डिसेंबरात आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी बंद करायचा आदेश निघाला. नागपूरच्या ट्रान्समीटरवरून रात्रभर चालणारी वाहिनी. रात्रपाळीच्या वॉचमनला विचारा काय गेलं ते. २०२३ च्या जूनमध्ये पुण्याच्या आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग हलवायचं ठरलं. पुणेकर ओरडले, पेपरात आलं, मंत्र्यांनी स्थगिती दिली. पुणेकरांना ओरडता येतं. त्यांच्या ओरडण्याला पेपर आहेत. उद्या हीच फाईल एखाद्या जिल्ह्याच्या लहान केंद्राची निघाली तर कोण ओरडणार?

९ फेब्रुवारी १९९५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. निकाल लिहिणाऱ्यांत आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत. खटला होता क्रिकेटच्या प्रक्षेपणाचा! मंडळं भांडली मॅचच्या पैशासाठी, आणि त्यातनं हा हक्क आपल्या पदरात पडला. पण पडून काय? तेव्हापासून खाजगी एफएमवाल्यांनी लिलावात लहरी घेतल्या आणि दिवसभर सिनेमाची गाणी नि फाजील विनोद. सामुदायिक रेडिओचं धोरण आधी २००२ साली शिक्षणसंस्थांपुरतं आलं, २००६ साली लोकांच्या संस्थांनाही दार उघडलं. दार उघडलं आणि चौकटीला कुलूप लावलं: तुम्ही स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत. शेतीवर बोला, आरोग्यावर बोला, भजन लावा. तुमच्या गावात कुणाचं घर जाळलं ते बोलू नका.

तरीही बायकांनी करून दाखवलं. तेलंगणात झहीराबादजवळ माचनूरला संघम रेडिओ आहे. चालवतात कोण? दलित शेतमजूर बायका. मशिनरी त्यांच्या हातात १९९० नंतरच्या दशकातच आली होती, पण लायसन मिळेना. दहा वर्षं त्यांनी कार्यक्रम टेपवर भरले आणि गावोगावच्या संघमच्या बैठकांत टेपरेकॉर्डर लावून ऐकवले. १५ ऑक्टोबर २००८ ला हवेत आवाज गेला. बियाणं, जुनी धान्यं, सणाची गाणी, सगळं त्यांच्याच तेलुगू बोलीत. त्यांच्यातली एक, जनरल नरसम्मा, जगभर बोलावली गेली. दहा वर्षं आवाज डब्यात भरून ठेवायचा आणि वाट बघायची. आपण दोन अंक काढून दमतो.

आता माझी स्वतःची गंमत सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी एका रेडिओ केंद्रावर कवितांचं पाकीट नेऊन दिलं. तिथल्या साहेबांनी चहा पाजला. कविता चाळल्या. म्हणाले, "ताकद आहे हो. भाषा जरा सौम्य करा." मी म्हटलं, गोदीत जी भाषा बोलतात तीच आहे. म्हणाले, "श्रोते संध्याकाळी जेवत असतात." मी पाकीट उचलून आलो. जिना उतरताना वाटलं, आग लागो याला. म्हणून मित्राचा राग मला समजतो. पण आग लागली तर साहेबाची बदली दुसऱ्या केंद्रावर होईल. आयचा ट्रान्झिस्टर मात्र मुका होईल. आणि तिथं माझी कविता जाण्याची जी शंभरात एक शक्यता आहे ती मोबाईल कंपनीच्या मालकाकडे शून्य आहे. सरकारी केंद्राच्या दाराशी आपल्याला धरणं तरी धरता येतं. शेठच्या सर्व्हरला दार कुठंय?

कुणी म्हणेल, रेडिओ मेला, पोरं फोनवर बघतात. मीही बघतो. पण फोनवर तुम्हाला तेच दिसतं जे त्याच्या मालकाला तुम्हाला दाखवून पैसे मिळतात. आणि पूर आला की टॉवर पडतो. बेथेलला विचारा. आयला विचारा.

तर काम काय? आपले दहा रुपये बेथेलला पुरणार नाहीत, ती शेखी मी मिरवत नाही. त्या लोकांना एक पत्र मात्र लिहायचं ठरवलंय, मराठीत, सोबत इंग्रजी भाषांतर, आपल्यातल्या कॉलेजवाल्यांनी करायचं. पुराच्या रात्री माळ्यावरचा रेडिओ काय असतो हे आम्हाला माहीत आहे, एवढं त्यात असलं तरी पुरे.

बाकी काम इथलं. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. प्रसारभारतीला तो लागू आहे. राज्यातल्या प्रत्येक आकाशवाणी केंद्रासाठी एक अर्ज टाकायचा: गेल्या दहा वर्षांत स्थानिक कार्यक्रमांचे तास किती होते आणि आज किती उरले, किती जागा रिकाम्या, किती माणसं रोजंदारीवर, आपल्या वस्त्यांतल्या किती कलावंतांना किती वेळा बोलावलं. आकडे हातात आल्याशिवाय मोर्चा काढण्यात अर्थ नाही, नुसत्या घोषणा घसा खातात. दुसरं, आपल्या आयांना, आज्यांना दळताना म्हणायच्या भीमाच्या ओव्या येतात. त्या माणसांबरोबर जाळल्या जातायत. आपल्या हातात फोन आहेत, त्यात भरून घ्या. ओवी म्हणणारीचं नाव, गाव, सासर-माहेर सगळं घ्या. या ओव्या घेऊन आपण केंद्रावर जाणार आहोत, अर्धा तास मागायला. आठवड्याला अर्धा तास. भाषा सौम्य न करता. नाही म्हटलं तर जिन्यावर बसून ओव्या लावू. संघमच्या बायकांनी दहा वर्षं टेपरेकॉर्डरवर काढली, आपण महिनाभर जिन्यावर काढू.

आणि ज्यांना परवडतं त्यांनी जवळच्या सामुदायिक रेडिओला, शिक्षणसंस्थेचा असो की संस्थेचा, फोन करून विचारावं की तुमचं कसं चाललंय, सेल, बल्ब, बिल काही पाहिजे का. आपल्या राज्यात अशी केंद्रं आहेत आणि त्यांच्या दारावर आपली माणसं कधी फिरकत नाहीत. फिरका.

ज्यानं विडी विझवून मला प्रश्न विचारला त्यानं परवा गोदीच्या गेटवर गाठून सांगितलं, "माझी आजी नव्वदीची आहे, पंधरा-वीस ओव्या येतात तिला, पण ती संध्याकाळीच म्हणते." मी म्हटलं, मग संध्याकाळी जाऊ.

रविवारी सकाळी दहाला, विहाराच्या मागच्या खोलीत. प्रत्येकानं दहा रुपये आणि पेन आणायचं. अर्जाचे कोरे कागद आहेत. आज्याचा रेडिओ मी आणतो, सेल कुणीतरी आणा.